मनःपूर्वक, कळवळून वगैरे

त्याचं खरं नाव फक्त बँकेला ठाऊक होतं, तेही पगाराच्या दिवशी. बाकी ऑफिसभर तो खेदराव. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत त्यानं उभी हयात एकाच कामात घालवली होती. ज्यांची लिफ्ट अडकली, आदळली, दार मिटून बसली किंवा पाचवा दाबल्यावर तळघरात जाऊन उभी राहिली, अशा लोकांना कंपनीच्या वतीनं खेद कळवायचा. लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं निराळी. ती खाली जिन्यामागच्या खोलीत बसत आणि कधीही शोधायला गेलं तरी नेमकी चहाला गेलेली असत. खेदराव मात्र वर, एसीत, कायम जागेवर. कंपनीला कशाची जास्त गरज होती ते यावरून ओळखा.

विभागाचं नाव होतं तक्रार निवारण. आता निवारण व्हायचं ते तक्रारीचं नव्हे, तक्रार करणाऱ्याचं. माणूस तावातावानं चार पानं लिहून पाठवायचा. खेदराव त्याला असं काही गोडगोड, तुपात घोळवलेलं उत्तर धाडायचा की त्या बापड्याला वाटावं, पाय आपला मुरगळला खरा, पण कळा कंपनीला येताहेत. मग तो पुन्हा लिहीत नसे. फाइल बंद, खेदराव खूश, साहेब खूश. लिफ्ट तशीच.

या विभागाची एक पद्धत होती, ती आधी समजून घ्यायला हवी. ज्यानं माफी लिहायची, त्यानं तक्रार वाचायची नाही. ऐकून हसू येईल, पण यामागं मोठा अनुभव होता म्हणे. खेदरावाच्या आधी या खुर्चीवर एक भला माणूस बसायचा. तो तक्रारी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, डोळे पुसायचा, आणि एकदा भावनेच्या भरात त्यानं उत्तरात लिहून टाकलं, ‘चूक आमचीच होती.’ झालं! कंपनीला कोर्टात खेचलं ना लोकांनी! तेव्हापासून तक्रारी वाचायला वेगळी बाई नेमली. तिला सगळे चाळणीताई म्हणत. ती तक्रार वाचून त्यातली माणसं, तारखा, हाडं, रक्त वगैरे चाळून बाजूला काढायची आणि खेदरावाकडे एक चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठीवर दोनच गोष्टी असत. प्रकार: अडकणे. तीव्रता: सौम्य, मध्यम किंवा जहाल. सौम्याला ‘खेदाने’ पुरे व्हायचं. मध्यमाला ‘मनःपूर्वक’. जहालाला ‘अंतःकरणपूर्वक’, आणि माणूस ओळखीपाळखीचा, वरपर्यंत हात पोचणारा असेल तर साहेबांच्या सांगण्यावरून वर आणखी एक ‘नतमस्तक होऊन’. पत्रावर नाव-पत्ता पुढं मशीन छापायचं. खेदरावाला ना कुणाचा चेहरा दिसायचा ना नाव. आपण कुणाची माफी मागतो आहोत हे माहीत नसताना इतकी मनापासून माफी मागणारा माणूस दुसरा झाला नसेल.

अशा या विभागात साहेबांनी एक दिवस प्रशिक्षणाचं खूळ आणलं. बाहेरून एक बाई बोलावल्या. भला मोठा चष्मा, हातात रिमोट, आवाजात साखर. ऑफिसनं पहिल्या पाच मिनिटांतच त्यांचं नाव भावनाबाई ठेवलं.

“शाळेत क्रियाविशेषणं शिकला होतात ना?” भावनाबाईंनी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू काल रात्रीच उजळणी करून आले होते. “ती तुम्ही मार्कांसाठी शिकलात. आता हृदयासाठी शिका. ‘आम्ही दिलगीर आहोत.’ हे वाक्य कसं आहे? थंड! मेलेलं! आता ऐका. ‘आम्ही कळवळून दिलगीर आहोत.’ अंगावर काटा आला की नाही?”

काटा कुणाच्याच अंगावर आला नाही, पण साहेब पहिल्या रांगेत बसले होते, त्यामुळे दोघातिघांनी दंड चोळून दाखवले.

दुपारी स्पर्धा ठेवली. भावनाबाईंनी पडद्यावर प्रसंग दाखवला: एक माणूस एकटाच लिफ्टमध्ये अडकला आहे, दिवा गेला आहे, कुणाचा पत्ता नाही. त्याला कंपनीतर्फे एकच वाक्य लिहायचं. ज्याचं वाक्य सगळ्यात हेलावून टाकील तो पहिला. बाकीचे पेन चावत बसले. खेदरावाच्या मात्र हाताला खाज सुटली होती. हा तर त्याच्या घरचा प्रांत! त्यानं एका दमात लिहून काढलं आणि वाचायला उभा राहिला. इतक्यात टेबलावरचा फोन थरथरला. त्यावर बायकोचं नाव.

आता ही कशाला फोन करते या वेळी? बटाटे संपले असतील, नाहीतर नळवाला आला असेल. माणूस आयुष्यात एकदा कुठं चारचौघांत उभा राहतो, आणि हिचं आपलं नेमकं त्याच वेळी! खेदरावाच्या कपाळाला आठी पडली. त्यानं बोटानं फोन कापला, पालथा घातला आणि घसा साफ करून वाचलं:

“त्या बंद दारामागे आपण एकट्याने काढलेला एकेक क्षण आम्हीही इथे अस्वस्थपणे, कळवळून आणि अपराधी मनाने आपल्यासोबत जगलो आहोत.”

टाळ्यांचा कडकडाट! भावनाबाईंनी चष्मा काढून डोळ्यांना रुमाल लावला. साहेबांनी पाठ थोपटली. पहिलं बक्षीस म्हणून खेदरावाला एक लालभडक, पोकळ, प्लॅस्टिकचं हृदय मिळालं.

त्याच वेळी त्याची बायको त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, काळोखात बसली होती. लिफ्ट कुठल्या कंपनीची ते सांगायला नकोच.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढं काचा बदलत “आता? बरं, आता?” एवढंच विचारायचं काम. त्यामुळे बोलणं मोजकं, आणि उत्तरही हो किंवा नाही एवढंच लागायचं. घर सातव्या मजल्यावर. लिफ्ट धक्के देते, मध्येच दम खाते, कंपनीत सांगा, असं ती कितीतरी दिवस नवऱ्याच्या मागे लागली होती. “सांगतो,” खेदराव म्हणायचा. सांगायला काय, ऑफिसच्याच जिन्यानं खाली उतरून दुरुस्तीवाल्यांच्या दारात डोकवायचं होतं. पण तो विभाग वेगळा, आणि दुसऱ्याच्या विभागात नाक खुपसण्याची खेदरावाला सवय नव्हती.

आणि एक गोष्ट. लहानपणी मामाच्या घरी लपाछपी खेळताना ती कपाटात अडकली होती. पोरं खेळ विसरून जेवायला गेली. तेव्हापासून ती न्हाणीघराची कडीसुद्धा आतून लावत नसे. हे खेदरावाला लग्न ठरलं तेव्हापासून माहीत होतं. तिनं स्वतःच सांगितलं होतं, आणि त्यानंही तेव्हा तिचा हात हातात घेतला होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा लिफ्टवर ‘बंद’ अशी पाटी होती. कुरकुरत सात मजले चढला. बायको खिडक्या-दारं सताड उघडी टाकून गॅलरीच्या उंबऱ्यावर बसलेली. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

“हाताला काय झालं गं?”

“लिफ्टमध्ये अडकले होते. दार बडवत होते.”

“अरेरे!” खेदराव म्हणाला.

“तुम्हाला फोन केला होता.”

“हो का?” तो म्हणाला, आणि प्लॅस्टिकचं हृदय पिशवीतून बाहेर काढलं. “बरं ते राहू दे, हे बघ! पहिला आलो. अख्ख्या ऑफिसात पहिला! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. वाक्य ऐकायचंय? ऐक.”

आणि त्यानं ते वाक्य म्हणून दाखवलं हो! पुन्हा एकदा, आवाजात चढउतार करून, ‘कळवळून’वर जरा थांबून. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “छान आहे,” म्हणाली. मग उठून आत गेली.

नवऱ्याला सांगून झालं होतं, आता उरली कंपनी. तिनं त्याच संध्याकाळी कंपनीकडे रीतसर तक्रार लिहून पाठवली. चाळणीताईनं ती वाचली आणि चाळली. खेदरावाच्या टेबलावर चिठ्ठी आली. प्रकार: अडकणे. तीव्रता: जहाल. खेदरावाला वाटलं, एवढं बक्षीसपात्र वाक्य पडून आहे, वापरायचं कधी? त्यानं ते जसंच्या तसं घातलं, वर ‘अंतःकरणपूर्वक’ पेरलं, खाली ‘आपला संयम हीच आमची प्रेरणा’ टाकलं आणि चिठ्ठी टोचणीला टोचून मोकळा झाला.

उत्तर घरी आलं ते त्यानंच खालच्या पेटीतून वर आणलं. कंपनीचा लिफाफा बघून त्याला वाटलं, देखभालीच्या वर्गणीबद्दल काहीतरी असेल. “तुझ्या नावानं आलंय,” म्हणत त्यानं तो बायकोच्या हातात दिला आणि बूट काढायला बसला.

बायकोनं उभ्याउभ्याच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “‘त्या बंद दारामागे आपण एकट्याने काढलेला एकेक क्षण…’”

खेदराव खुलला. एका पायात बूट तसाच. “अगं, हे माझं वाक्य! बघितलंस? पार लोकांच्या घरापर्यंत पोचलं!”

“हो,” बायको म्हणाली. “आपल्या घरापर्यंत पोचलं.” आणि तिनं कागद उलटा करून वरचं नाव त्याच्यापुढं धरलं.

खेदरावाच्या तोंडचं पाणी पळालं. हातातली बुटाची नाडी सुटली, सुटलेली परत बांधली, परत सोडली. “म्हणजे… तू तक्रार केलीस? कंपनीकडे? मला सांगायचंस ना!”

यावर ती काही बोलली नाही. बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय?

पण दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागली, आणि ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. सकाळी खेदरावानं चहा मागितला. ती म्हणाली, “आपली चहाची विनंती प्राप्त झाली आहे. तिची गांभीर्याने नोंद घेण्यात येत आहे.” आणि स्वतःचा कप घेऊन गॅलरीत गेली. त्यानं विचारलं, निळा शर्ट कुठाय? “आपल्या शर्टाच्या गैरहजेरीबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक दिलगीर आहोत.” रात्री विचारलं, जेवण? “आपली भूक आम्ही इथे कळवळून आपल्यासोबत जगत आहोत,” ती म्हणाली आणि ताटातला शेवटचा घास खाऊन ताट धुवायला उठली.

खेदरावानं आधी हसण्यावारी नेलं. मग चिडून बघितलं. “काय लहान मुलासारखं चालवलंयस!” तो ओरडला. ती शांतपणे म्हणाली, “आपला संयम हीच आमची प्रेरणा.” आता आपल्याच हातचं वाक्य असं तोंडावर येऊन आदळलं तर माणसानं करावं तरी काय? त्याला पहिल्यांदाच कळलं की हे पत्र ज्यांना जातं त्यांना काय वाटत असेल. कळलं म्हणजे काय, ओझरतं जाणवलं, एवढंच. फार पुढं तो विचार गेला नाही.

लिफ्ट बंदच होती. प्रत्येक मजल्यावर आता एक छापील पाटी लागली होती: ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. तक्रार निवारण विभाग.’ मजकूर अर्थात खेदरावाचाच. सात मजले चढताना तो सात वेळा स्वतःची माफी वाचायचा आणि सातव्यावर पोचेपर्यंत त्याला त्या ‘मनःपूर्वक’चा इतका संताप यायचा की फाडून टाकावीशी वाटायची. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर ‘मनःपूर्वक’च्या पुढं पेन्सिलीनं एक सणसणीत शिवी लिहून ठेवली होती. वाक्यात ती चपखल बसत होती.

मग एका संध्याकाळी बायको नेहमीच्या भाषेत बोलली, आणि खेदरावाला इतकं हायसं वाटलं की ती काय म्हणतेय ते कळायला वेळ लागला.

“आमच्या मालकांनी दुसऱ्या शहरात नवीन शाखा काढलीय. सांभाळाल का म्हणून मला विचारतायत. राहायला वरच खोली आहे. शनिवारी सकाळी कळवायचंय.”

“किती दिवसांसाठी?”

“शाखा काय दिवसांसाठी काढतात का?”

“मग मी?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “मी अजून हो म्हटलेलं नाही,” म्हणाली. “आणि नाहीही म्हटलेलं नाही. मला नीट काही ऐकू आलं तुमच्याकडून, तर बघेन.”

धाबं दणाणलं. पण अनुभवी माणूस तो. माफी मागायची आहे ना? मग माफीत आपला हात कोण धरणार! त्यानं रात्रीच पत्र लिहिलं आणि सकाळी तिच्या कपाखाली ठेवलं. ‘प्रिय, झाल्या प्रकाराबद्दल मी अत्यंत व्यथित अंतःकरणाने, लज्जितपणे आणि मनाच्या तळापासून दिलगीर आहे.’

बायकोनं पत्र टेबलावर सरळ केलं. हाताच्या पंजानं ‘अत्यंत व्यथित अंतःकरणाने’ झाकलं. “वाचा.”

“‘झाल्या प्रकाराबद्दल मी लज्जितपणे आणि मनाच्या तळापासून दिलगीर आहे.’”

“काही कमी दिसतंय?”

“नाही.”

तिनं ‘लज्जितपणे’ झाकलं. “आता?”

“तेवढंच दिसतंय.”

तिनं ‘मनाच्या तळापासून’ही झाकलं, आणि वरचं ‘झाल्या प्रकाराबद्दल’ही. टेबलावर तिचे दोन्ही हात पसरलेले, उजव्याच्या बोटांवर अजून खपल्या. मधून एवढंच उरलं होतं: मी दिलगीर आहे.

“कशाबद्दल?” तिनं विचारलं.

“झाल्या प्रकाराबद्दल.”

“प्रकार कोणता?”

इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. प्रकार चिठ्ठीवर लिहिलेला असायचा. “अडकणे,” तो म्हणाला.

तिनं हात उचलले आणि कामाला निघून गेली.

ऑफिसात तो चाळणीताईच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. “ताई, जहालच्या वर काय असतं हो? म्हणजे, समजा माणूस फारच दुखावलाय. कुठला शब्द लागू पडेल?”

चाळणीताईनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “वहिनींची तक्रार ना? मी वाचली तेव्हा मला नाव लक्षात आलं नाही हो, पत्ता मागाहून ओळखला. आलं असतं तर सांगितलं असतं. ती वाचून त्या दिवशी मला डबा गेला नाही.” तिनं ड्रॉवर उघडला. “नियम गेला खड्ड्यात. ही घ्या, वाचा. दोनच पानं आहेत.”

दोन पानं. समोर, हाताच्या अंतरावर. बायकोच्या सरळ, लहान अक्षरातली. खेदरावानं हात पुढं केला, आणि मग मागं घेतला. “नको,” तो म्हणाला. “वाचलं तर लिहिणं जमायचं नाही मग.”

“अहो, बायकोची आहे!”

“म्हणूनच नको. काय झालं ते मला माहीतच आहे की.”

चाळणीताईनं ड्रॉवर लावून घेतला. “भाऊ, एक सांगू?” ती म्हणाली. “शब्द विचारायला आलात ना, तर शब्द नाही लागत हो. जे केलंत ते लिहा. तेवढंच कुणी लिहीत नाही इथं.”

आता हा सल्ला चांगलाच होता. पण चांगला सल्ला कुणाच्या हातात पडतो त्यावर सगळं अवलंबून असतं. खेदरावानं तो मनावर घेतला, आणि एकदा त्यानं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती करायची म्हणजे पहिला नंबर आला पाहिजे! जे केलं ते लिहायचं? मग असं लिहू की असं आजवर कुणी लिहिलं नसेल. शुक्रवारभर तो कागद फाडत बसला. चिठ्ठ्या साचल्या, जहालांचे ढीग लागले, साहेब दोनदा डोकावून गेले, पण खेदराव ढिम्म. पहिल्यांदा त्यानं ‘प्रकार’ शब्द खोडला. मग ‘गैरसोय’ खोडला. मग ‘झाले’, ‘घडले’, ‘राहून गेले’ हे सगळे आपोआप घडणारे शब्द खोडले आणि त्यांच्या जागी ‘मी’ घातला. त्याला घाम फुटला. खरं सांगायचं तर एका ठिकाणी त्याचे डोळेही भरून आले, आणि ते भरलेले डोळे बघायला कुणी नव्हतं, म्हणजे ते खरे असावेत.

अडला तो फोनपाशी. लिहावं की नको? तिला काय, कळलंच असणार. एवढी हुशार बाई, तिला का समजत नसेल? आणि सगळं लिहून नेमकं तेवढंच वगळलं तर पत्र लंगडं पडेल. त्यानं लिहिलं, ‘तुझा फोन आला. मी नाव वाचलं आणि कापला.’ वाचून बघितलं. खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. कसा कापला? ‘चुकून’ लिहिलं, खोडलं. ‘घाईत’ लिहिलं. घाई कसली, चांगला उभा होता आरामात. ‘नाइलाजाने’ लिहिलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मग त्यानं डोळे मिटून तो क्षण आठवला. ते थरथरणारं नाव, ती कपाळावरची आठी, मनात आलेले बटाटे. आणि शब्द सापडला. एकच शब्द, पण असा घट्ट बसला की चिमट्यानं काढू म्हटलं तरी निघणार नाही. खेदराव खुर्चीत मागे रेलला. उभ्या आयुष्यात इतका नेमका शब्द त्याच्या हातून उतरला नव्हता. भावनाबाईंनी वाचला असता तर प्लॅस्टिकचं नाही, सोन्याचं हृदय दिलं असतं.

शनिवारी सकाळी बायको आंघोळ करून, केस बांधून टेबलाशी बसली होती. फोन समोर. मालकांना कळवायचं होतं. खेदरावानं कागद तिच्यापुढं ठेवला आणि समोर उभा राहिला, परीक्षकांपुढं उभं राहावं तसा.

तिनं वाचायला घेतलं.

‘लिफ्ट धक्के देते हे तू मला कितीतरी वेळा सांगितलंस. मी सांगतो म्हणालो. मी कुणालाही सांगितलं नाही. तुला बंद जागेत काय होतं हे मला माहीत आहे. तू मला कपाटाची गोष्ट सांगितली होतीस. त्या संध्याकाळी तुझ्या हाताला फडकं होतं. मी ते बघितलं आणि तुला माझं वाक्य म्हणून दाखवलं.’

तिचा चेहरा निवळला. अगदी खरं सांगतो, निवळला. खांदे सैल झाले, एक हात फोनवरून निघून मांडीवर आला. “हे बरंय,” ती हळूच म्हणाली. “हे तुम्ही लिहिलंत?”

“पुढं वाच ना,” खेदराव म्हणाला. त्याला राहवत नव्हतं. “पुढचं फार चांगलं उतरलंय.”

ती पुढं वाचू लागली.

‘आत असताना तू मला फोन केलास. मी तुझं नाव वाचलं आणि फोन वैतागून कापला.’

तिथं ती थांबली. पुन्हा वरून वाचलं. पुन्हा तिथंच थांबली. या वेळी तिनं एकही शब्द झाकून बघितला नाही.

“कसं आहे?” खेदरावानं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते त्याला नीटसं कळेना, पण काहीतरी चाललं होतं खास. म्हणजे शब्द लागला होता. “तो शब्द सापडायला मला अख्खी दुपार लागली बघ. चुकून, घाईत, सगळं घालून बघितलं. पण हाच खरा. हो ना?”

“हो,” ती म्हणाली. “अगदी बरोबर आहे.”

“मग?”

“फोन केला होता म्हटलं, तर मला तुम्ही ‘हो का’ म्हणाला होतात.”

“कधी?”

ती उत्तर द्यायच्या भानगडीत पडली नाही. कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली.

“माझी तक्रार वाचलीत तुम्ही?” तिनं विचारलं.

“नाही गं. आमच्यात ती पद्धत…”

“त्यात लिहिलं होतं मी. एकटीच होते, फोन दोनदा वाजला आणि बंद पडला. कंपनीला म्हटलं, लिफ्टमध्ये रेंजची काहीतरी सोय करा. आत रेंज नव्हती, नाहीतर माझ्या नवऱ्यानं फोन नक्की उचलला असता.”

खेदराव उभाच राहिला.

तिनं फोन उचलला, नंबर लावला, पलीकडून आवाज येईपर्यंत थांबली.

“मालक,” ती म्हणाली, “मी येते.”